वीज हवी तर ठराव हवा
(पाडा सभेतले बोलणे)



गरिबाच्या घरात दिवा लावायला सरकार अनुदान देते. आधी कुटीर ज्योती आली, घरात एक दिवा. मग 2005 ला राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आली. त्यात दारिद्र्यरेषेखालच्या घराला जोडणी फुकट होती. तरी आपण अजून रॉकेलच्या चिमणीतच का?

कारण खांब जंगलातून येणार. वीजवाले म्हणतात, वनखात्याची परवानगी आणा. वनखाते म्हणते, जमीन आमची. दोघांच्या मधी आपण अंधारात.

पण 2006 चा वनहक्क कायदा बघा. कलम 3(2) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी यांच्याबरोबर विजेच्या लाइनीचं नाव आहे. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागत असेल, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटत नसतील, तर वनजमीन देता येते. त्याला शिफारस कोणाची लागते? ग्रामसभेची! ती आपल्या हातात आहे.

म्हणून आपण तीन कामं करू. दारिद्र्यरेषेची यादी पाड्यावर मोठ्यानं वाचू, सुटलेली नावं लिहून काढू. ग्रामसभेत लाइनीचा ठराव घेऊ, तो देऊन पोच घेऊ. जोडणीला कोणी पैसे मागितले तर पावती मागू.

एक ध्यानात ठेवा : जोडणी फुकट मिळाली तरी बिल फुकट नसतं. मीटरचा आकडा दर महिन्याला लिहून ठेवा. बिल चुकीचं आलं तर एकटं नको, सगळे मिळून जाऊ.

धरणात जमिनी आपल्या लोकांच्या गेल्या, वीज शहरात गेली. ही सवलत म्हणजे भीक नाही, हक्क आहे.

जिंदाबाद!