सही करणाऱ्याला साइटवर बोलवा



या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी माझी ओळख ‘सुप्रसिद्ध अभियंता’ अशी करून दिली. पौडच्या बाजारात माझ्याबद्दल विचारलंत, तर लोक म्हणतील, ‘ते प्लॅनवाले का?’ तीच माझी खरी ओळख. पडद्यामागे कोळीनृत्याची मुलं नटूनथटून उभी आहेत, त्यामुळे मी फार वेळ घेणार नाही. पण बोलावलंच आहे, तर माझ्या धंद्याबद्दल थोडं बोलतो.

माझ्याकडे येणारी कामं अगदी साधी. कुणाचं तीन खोल्यांचं घर, कुणाची पोल्ट्रीची शेड, बँकेच्या कर्जासाठी एस्टिमेट, देवळापुढच्या सभामंडपाचा स्लॅब. मध्येच दोन भाऊ भिंतीवरून भांडत येतात, त्यांनाही चहा पाजावा लागतो. डॉक्टरांमध्ये जनरल प्रॅक्टिस करणारा फॅमिली डॉक्टर असतो, तसा मी इंजिनिअरांमधला. फरक मात्र मोठा आहे. डॉक्टरांच्या नावापुढे मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. सीए मंडळींना १९४९ चा कायदा आहे, वकिलांना १९६१ चा, आर्किटेक्टना १९७२ चा. इंजिनिअरांसाठी असा देशव्यापी कायदा आजही नाही. उद्या कुणीही गाळा भाड्याने घेऊन ‘इंजिनिअर’ अशी पाटी लावली, तर ती उतरवायला लावणारी देशव्यापी परिषद नाही. आपल्या भागात २०१५ पासून पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. तिथे प्लॅन मंजूर करून घ्यायला आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअर लागतो, हे खरं. पण तो परवाना नियोजन प्राधिकरणाचा. माझ्या पेशातल्या जाणत्यांनी मला तपासून दिलेली ती सनद नव्हे.

असं का झालं? माझं मत सांगतो. आपल्याकडे इंजिनिअर ओळखला गेला तो खुर्चीवरून. पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला, तो सरकारी बांधकाम खात्याला माणसं हवी होती म्हणून. आजचं सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज त्यातूनच उभं राहिलं. विश्वेश्वरय्या तिथेच शिकले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. खडकवासल्याला १९०३ साली त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले. त्यांच्या वाढदिवसाला, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन साजरा करतो. माणूस थोर, त्यात शंका नाही. पण त्या परंपरेत ज्युनिअर, डेप्युटी, एक्झिक्युटिव्ह हीच इंजिनिअरची ओळख होऊन बसली. खात्याबाहेर स्वतःची पाटी लावून बसलेल्याचं काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारलाच नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स १९२० साली निघाली, १९३५ साली तिला राजसनद मिळाली आणि ‘चार्टर्ड इंजिनिअर’ ही मानाची उपाधी आली. मान मिळाला. पण ती उपाधी असल्याशिवाय धंदा करता येणार नाही, असं बंधन काही आलं नाही.

आपल्या मुळशीत तर इंजिनिअर म्हणजे धरणाचा साहेब. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली आपल्या पणज्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालंच. पाणी भिऱ्याच्या वीजघरात गेलं, वीज मुंबईला गेली आणि इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात इंजिनिअर म्हणजे आपली जमीन मोजायला येणारा परका माणूस, हे घट्ट बसलं. त्याला घर बांधताना बोलवायचं असतं, हे मुळशीत फार उशिरा आलं. काही वाड्यांवर अजून यायचंय.

आता एक घर दाखवतो. कोळवण खोऱ्यातलं. मालकांचं नाव सांगत नाही. भाताचं खाचर होतं, त्यात मुरमाचा भराव टाकून घर बांधलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली, करंगळी जाईल एवढी. मला बोलावलं. कॉलमच्या कडेने खणून पाहिलं. वर नवा भराव, खाली खाचराची चिकण माती, आणि फुटिंग भरावातच थांबलेलं. घट्ट मुरूम तिथून आणखी पुरुषभर खाली होता. स्लॅबजवळ कॉलमचं प्लॅस्टर फोडलं, तर रिंगांची टोकं काटकोनात वळवून सोडलेली. ती आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवायची असतात, १३५ अंशात, म्हणजे हादरा बसला तरी रिंग उघडत नाही. फिटरला तेवढी वाकवायला जरा जोर लागतो, म्हणून तो काटकोनावर भागवतो. त्याला सांगणारं कुणी नव्हतं. प्लॅनवर मात्र सही होती, शिक्काही होता. सही करणाऱ्याने ती जागा कधी पाहिली नव्हती. मालकांनी त्याला पाहिलं नव्हतं. सही मध्यस्थाने आणून दिली होती.

इथे मला माझ्याच जातभाईंबद्दल कडू बोलावं लागतं. आमच्या मेळाव्यांत मागणी होते की डॉक्टरांसारखी आमच्याही नावामागे काहीतरी उपाधी लागावी. मला हा पोरकटपणा वाटतो. नोंदणी हवी, जरूर हवी. पण ज्या वहीत नाव लिहायचं, त्या वहीतून ते खोडण्याचा अधिकारही कुणाकडे तरी द्यावा लागेल. डॉक्टर चुकला, तर कौन्सिल त्याला नोटीस काढतं, नाव काढूनही टाकू शकतं. कोळवणच्या त्या प्लॅनवर सही करणारा आज दुसऱ्या प्लॅनवर सही करत असेल, आणि त्याला विचारणारं कुणी नाही. लोक आम्हाला ‘प्लॅनवाले’ म्हणतात, ते काही उगाच नाही.

इतरत्र नोंदणीची सक्ती कशी आली, ते पाहा. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी १८ मार्च १९३७ रोजी शाळेत गॅसचा स्फोट झाला. पैसे वाचवायला शाळेने तेलक्षेत्रातल्या फुकटच्या गॅसची लाइन जोडून घेतली होती. गॅसला वास नव्हता, गळती कळली नाही. तीनशेच्या आसपास मुलं आणि शिक्षक गेले. स्नेहसंमेलनात असलं बोलू नये, पण शाळेतच सांगण्यासारखी ही गोष्ट आहे. त्याच वर्षी टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळणं सक्तीचं केलं आणि इंजिनिअरांच्या नोंदणीचा कायदाही केला.

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. तिथे इंजिनिअर नव्हताच. २००१ च्या २६ जानेवारीला भूजचा भूकंप झाला. केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर, अहमदाबादेत, बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांचे प्लॅन मात्र कुणीतरी इंजिनिअरांनीच केले होते. नंतर २००२ मध्ये इंजिनिअरांच्या संस्था एकत्र येऊन इंजिनिअरिंग कौन्सिल ऑफ इंडिया झाली, आणि २००६ मध्ये गुजरातने व्यावसायिक स्थापत्य अभियंत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. केंद्राच्या कायद्याचे मसुदे येत-जात राहिले. २०२५ मध्ये एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, असाच एक मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला. मसुदा म्हणजे कायदा नव्हे, हे सातबारा पाहणाऱ्या माणसांना मी वेगळं सांगायला नको.

आणि नुसतं बिरुद राखून भागत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर्किटेक्ट कायद्याबद्दल निकाल दिला की तो ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद राखून ठेवतो. नोंदणी नसलेल्याला ते काम करायला बंदी करत नाही. आमचा कायदा होईल तेव्हा तो बिरुदावर थांबू नये. पाया पाहिला का, स्टील बांधल्यावर गेलास का, काँक्रीट ओतताना तिथे होतास का, हे त्याने विचारलं पाहिजे.

दहावी-बारावीच्या मुलांनो, तुमच्यातले काही डिप्लोमाला जातील, काही डिग्रीला. हिंजवडी जवळ आहे, कॉम्प्युटरकडे ओढा असणारच, जा. पण कुणाला चिखलात उभं राहायची हौस असेल, तर गावच्या इंजिनिअराच्या कामाला हलकं समजू नका. सुरुवातीची वर्षं एखाद्या जाणत्याच्या हाताखाली काढा. आणि न पाहिलेल्या कामावर सही करू नका, कितीही आग्रह झाला, तरी.

पालकांना एकच विनंती. घराच्या दर्शनी भिंतीच्या टाइल्सवर आपण हौसेने खर्च करतो आणि इंजिनिअरच्या फीवर घासाघीस करतो. ती करा, माझी हरकत नाही. पण प्लॅनवर ज्याची सही आहे, त्याचं नाव आणि फोन नंबर लिहून घ्या. पाया खणून झाला की त्याला खड्ड्यात उतरवा. स्लॅबचं स्टील बांधून झालं की पुन्हा बोलवा. तो आल्याशिवाय मिक्सर सुरू करू देऊ नका, ठेकेदार कितीही घाई करो.