वस्तीवरचा दिवा : आधी हिशेब, मग प्लेट

निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या पुष्कळ मंडळींची घरे गावठाणात नाहीत, मळ्यात आहेत. शेतीच्या वाहिनीवरची वीज ठरावीक तासच असते, आणि वळवाच्या वाऱ्यात तार तुटली तर तीही नाही. अशा वेळी मुलांचा अभ्यास अडतो, हे एक. दुसरे त्याहून मोठे. गोदाकाठच्या उसात बिबट्या असतो, पावसाळ्यात अंगणात साप निघतो. दिव्याने बिबट्या पळतो असे नव्हे, बरं का. पण पाऊल टाकण्यापूर्वी समोर काय आहे ते दिसते. म्हणून वस्तीवर सूर्याच्या विजेचा एक लहान संच असावा. तो कसा आखावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पुष्कळजण बाजारात जातात आणि विचारतात, 'प्लेट केवढ्याला?' हा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न असा, की मला रोज वीज किती लागते?

कागद घ्या. ९ वॅटचे तीन दिवे, पाच तास : १३५ वॅट-तास. अंगणातला १० वॅटचा दिवा, रात्रीचे दहा तास : १००. कमी विजेवर चालणारा ३० वॅटचा पंखा, आठ तास : २४०. दोन मोबाइल : ३०. बेरीज झाली ५०५, म्हणजे साधारण अर्धा युनिट. इन्व्हर्टरमध्ये काही वीज वाया जाते, म्हणून ६०० धरा. आता गंमत पाहा. पंखा जुन्या पद्धतीचा, ७५ वॅटचा असेल, तर तो एकटाच आठ तासांत ६०० खातो! तेव्हा मोठी प्लेट घेण्यापेक्षा पंखा बदलणे पुष्कळदा स्वस्त पडते.

विहिरीवरची मोटर मात्र या हिशेबात धरू नका. तीन अश्वशक्तीची मोटर २२०० वॅटहून अधिक मागते. तिच्यासाठी सौरपंपाची व्यवस्था वेगळी असते.

दुसरी गोष्ट बॅटरी. हा आपला हौद. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाती आले ९००, दीड दिवसाची बेगमी. लिथियमची बॅटरी महाग, पण तिच्यातले ८० टक्के वापरता येतात. हौद ओसंडू नये म्हणून प्लेट आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर हवाच.

आता प्लेट. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? मे महिन्यात ऊन भरपूर असते; पण संच आखावयाचा तो आषाढ-श्रावणाच्या मानाने. त्या दिवसांत भरउन्हाचे जेमतेम तीन तास धरा. ३०० वॅटची प्लेट, तीन तास, त्यातून ३० टक्के तूट वजा, उरले ६३०. आपली गरज ६००. जमले! इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडे झड दिवसच्या दिवस चालते. तिकडच्या मंडळींनी बॅटरी मोठी घ्यावी, आणि झडीत पंखा बंद ठेवावा.

प्लेटचे तोंड दक्षिणेला करा. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे, म्हणून उतारही तेवढाच द्या. प्लेट मीटरभर लांब असेल तर तिची वरची कड खालच्या कडेपेक्षा ३४ सेंटिमीटर उंच हवी. एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी साऱ्या प्लेटची वीज घटते. डिसेंबरात भरदुपारी झाडाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी उत्तरेकडे पडते. ती मोजून मगच जागा ठरवा. कांदाचाळीचे छप्पर मोकळे आणि मजबूत असेल तर उत्तम. द्राक्षबागेतल्या फवारणीचा थर काचेवर बसतो. सकाळी प्लेट थंड असताना साध्या पाण्याने धुवा.

३०० वॅटला १२ व्होल्टवर २५ अँपिअर प्रवाह वाहतो. तेव्हा तार जाड आणि आखूड हवी, आणि बॅटरीजवळच फ्यूज हवा. शिशाच्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. ती चुलीजवळ किंवा निजायच्या खोलीत ठेवू नका.

आणखी एक सावधगिरी. २०२४ साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेतल्यासारखा, बॅटरी नसलेला, वीजवाहिनीला जोडलेला साधा संच वाहिनी बंद पडताच आपणहून थांबतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये, म्हणून ही योजना. बिल कमी करण्यास तो चांगला; अंधारात मात्र त्याचा उपयोग नाही.

गुरुजनहो, हा सारा हिशेब पाचवी-सहावीच्या गुणाकाराचा आहे. मुलांना आपापल्या वस्तीचा तक्ता करून आणावयास सांगा. घरचे बाजारात जातील तेव्हा तो कागद त्यांच्या खिशात असू द्या. दुकानदाराने मोठा आकडा सांगितला, तर तो कशासाठी, एवढे तरी त्यांना विचारता येईल.