नाडीचा सूर

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी जमाखर्च वाचतो. तो पुढील पानांवर छापलेला आहेच. आज अध्यक्षांच्या अनुमतीने थोडा निराळा विषय मांडतो. शरीरातील आकड्यांचे यंत्राच्या साह्याने सूर करणे, हा तो विषय. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने यावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु या विषयाने मला एकदा चांगलाच धडा दिला आहे.

काही वर्षांपूर्वी अतिदक्षता विभागाबाहेर बसणाऱ्या नातेवाइकांनी तक्रार केली की, आतील यंत्रांच्या अखंड आवाजाने जीव घाबरा होतो. मी तत्परतेने लेखी सूचना काढली : रात्री दहानंतर सर्व मॉनिटरांचा आवाज अगदी कमी ठेवावा. दुसऱ्याच दिवशी आमच्या भूलतज्ज्ञ बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही आवाज नाही, माझे कान काढून घेतलेत."

त्यांनी मला विभागात नेले आणि पडद्याकडे पाठ करून उभे केले. एका रुग्णाच्या घशातील कफ ओढून काढण्याचे काम चालू होते. टुक्, टुक् असा एकसारखा वाटणारा सूर हळूहळू खाली उतरू लागला. काम थांबले, प्राणवायू दिला गेला, तसा तो पायरीपायरीने पुन्हा वर चढला. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला एक स्वर. त्याची गती म्हणजे नाडीचा वेग आणि त्याची उंची म्हणजे रक्तातील प्राणवायू. हात रुग्णावर आणि डोळे हातांवर असताना पडद्यावरचा आकडा वाचणार कोण? ते काम कान करतो.

हे यंत्र म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. बोटातून तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश पाठवून रक्तातील प्राणवायू मोजण्याचे त्याचे तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात मांडले. २०२० साली उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घराघरांत हा शब्द पोहोचला. पण तेथे सर्वांनी आकडाच पाहिला, सूर क्वचितच कोणी ऐकला असेल.

खरे तर आपल्या भागाला हे शिकवायला नको. अंबरनाथच्या कारखान्यातील जुना फिटर आवाजावरून बेअरिंग गेल्याचे सांगतो. उल्हासनगरच्या शिलाई कारागिराला मशीन अडखळल्याचे डोळ्यांआधी कानाला कळते. आणि हिशेबनिसाने संगीतात पडू नये म्हणावे, तर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेले शार्ङ्गदेव राज्याचा हिशेब पाहत, वैद्यकही जाणत. त्यांच्या 'संगीतरत्नाकरा'त स्वरांच्या आधी गर्भ, अस्थी, नाड्या यांचे वर्णन येते. मंद्र हृदयात, मध्य कंठात आणि तार मस्तकात, अशी त्यांची मांडणी आहे.

पाश्चात्त्य देशांत हा प्रयोग रंगमंचावरही झाला. अमेरिकेत १९६५ साली ॲल्विन ल्युसिए यांनी डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरींनी तालवाद्ये वाजवून दाखविली. बोस्टनचे हृदयतज्ज्ञ आरी गोल्डबर्गर यांच्या संशोधनाच्या आधारे हृदयाच्या ठोक्यांतील अंतरांपासून रचलेले संगीत १९९५ मध्ये 'हार्टसाँग्ज' या नावाने निघाले. निरोगी हृदय घड्याळासारखे काटेकोर चालत नाही, त्याची लय सतत किंचित बदलत असते, हे मला त्यावरून प्रथम समजले.

मात्र सूर गोड असला म्हणजे उपयोगी असतोच असे नाही. वैद्यकीय यंत्रांच्या धोक्याच्या इशाऱ्यांसाठी २००६च्या आंतरराष्ट्रीय मानकात छोट्या धुना सुचविल्या होत्या : हृदयासाठी सा-ग-प असा चढता क्रम, प्राणवायूसाठी तार षड्जावरून नी-ध असा उतरता. त्या लक्षात ठेवणे कर्मचाऱ्यांना अवघड गेले. २०२०च्या सुधारणेत त्यांच्याऐवजी अर्थ सहज ओळखू येईल असे ध्वनी आले. माझ्या अल्प मतीप्रमाणे कारण असे, की त्या धुना म्हणजे केवळ चिकटविलेल्या चिठ्ठ्या होत्या. ऑक्सिमीटरमध्ये चिठ्ठी नाही. आकडाच स्वतः स्वर होऊन चढतो-उतरतो.

ती सूचना मी त्याच दुपारी मागे घेतली. नातेवाइकांची तक्रारही खोटी नव्हती, म्हणून प्रतीक्षागृह विभागाच्या भिंतीपासून दूर नेले आणि मधल्या दाराला रबरी पट्ट्या बसविल्या. खर्च किरकोळ होता. आधी सुचला नाही एवढेच. यंदाच्या अंदाजपत्रकात दोन रकमा मागितल्या आहेत : जुने, सूर फुटलेले मॉनिटर बदलण्यासाठी एक, आणि रात्रपाळीच्या नवीन परिचारिकांना पडद्याकडे न पाहता ऐकण्याचा सराव देण्यासाठी दुसरी. दुसरी रक्कम लहान आहे. विश्वस्तांनी काटछाट करावयाची झाल्यास कृपया तिला हात लावू नये, ही नम्र विनंती.