यकृताच्या पेशी एकमेकींशी काय बोलतात?



यकृत, म्हणजे घरी आपण ज्याला कलेजी म्हणतो ते, प्रौढ माणसात सुमारे दीड किलो भरते. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी प्रयोगशाळेतील उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग कापून काढला. थोड्याच आठवड्यांत ते जवळजवळ पूर्वीच्या वजनाचे झाले. वाढले हे नवल खरेच. पण वाढ नेमकी तेथेच थांबली, याचे मला अधिक नवल वाटते. पेशींना हे कोणी सांगितले?

पेशी एकमेकींना रासायनिक संदेश पाठवितात. एकीने सोडलेले प्रथिन दुसरीच्या पृष्ठभागावरील ग्राहक ओळखतो आणि तिचे वर्तन बदलते. यकृताला इजा झाली की 'एचजीएफ' हे प्रथिन यकृतपेशींना विभागावयास लावते. 'हिप्पो' नावाची संदेशसाखळी लगाम धरते. २००७ साली उंदरांत हा लगाम निष्प्रभ केला, तेव्हा यकृत कित्येक पट फुगले आणि त्यात कर्करोगाच्या गाठी झाल्या.

यकृत बारीक षट्कोनी खंडिकांचे बनलेले असते. प्रत्येकीच्या मधोमध एक शीर. या शिरेच्या अस्तरातून 'डब्ल्यूएनटी' संदेश निघतात, म्हणून जवळच्या पेशी औषधे निकामी करण्याचे काम अधिक करतात. दूरच्या पेशी युरिया आणि साखर बनवितात. संदेशच नसता तर ही कामाची वाटणीही नसती.

आता ताराकृती पेशींविषयी. एरवी त्या 'अ' जीवनसत्त्व साठवून स्वस्थ असतात. पण हिपॅटायटिस-बीचा विषाणू, मद्य किंवा साचलेली चरबी यांनी यकृत वर्षानुवर्षे जखमी होत राहिले, की 'टीजीएफ-बीटा'चा संदेश त्यांना जागे करतो. मग त्या व्रणाचे तंतू विणू लागतात. कारण वेळीच दूर झाले तर तंतू बरेचसे विरतात. उशीर झाला तर सिरोसिस, आणि तोवर बहुधा काही दुखतही नाही.

"आमच्या घरात दारू नाही, मग यकृताला काय होणार?" असे पालक म्हणतात. गोड सरबते, तळलेले पदार्थ आणि बैठे दिवस यांनीही चरबी साचते. हिपॅटायटिस-बीची लस बाळाला जन्मानंतर २४ तासांत द्यावयाची असते. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. घरात कोणाला हा विकार असेल तर सर्वांनी रक्त तपासून घ्यावे. काविळीत झाडपाल्यावर महिने घालवू नयेत.

खंडिकेची आकृती फळ्यावर काढली आहे. विद्यार्थ्यांनी पुढे येऊन पाहावी. प्रश्न असतील ते तेथेच विचारावेत.