आर्वीची तबकडी आणि शेवटची वाडी

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



फोन, टीव्ही, वीज यांविषयी लोक रोज जे बोलतात ती नुसती कुरकुर असते, तिचा राजकारणाशी संबंध नसतो, असे आपल्यातील पुष्कळ सहकाऱ्यांना वाटते. मोबाइल हे तर तरुणांना बिघडवणारे खेळणे आहे, त्याच्या रिचार्जसाठी पक्षाने आंदोलन काय करायचे, असेही मघाशी एका मित्राने विचारले. मला या मताशी सहमत होता येत नाही. सामान्य माणसाचा अर्थव्यवस्थेशी रोजचा संबंध येतो तो अर्थसंकल्पातून नव्हे, तर विजेच्या बिलातून आणि फोनच्या रिचार्जमधून. या बाबतीत त्याचे जे मत बनते तेच पुढे त्याचे खाजगीकरणाविषयीचे आणि सरकारविषयीचे मत होते.

नारायणगावच्या बाजारात उभे राहिलात तर एक मत हमखास ऐकू येईल. सरकारी फोनसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, खाजगी कंपन्या आल्या म्हणून फोन गरिबाच्या हाती आला, हे ते मत. थोडे थांबलात तर तोच माणूस म्हणेल की हल्ली रिचार्ज परवडत नाही. आणि घोडेगावच्या पश्चिमेला डिंभे धरणामागे गेलात तर ऐकाल की इथे रेंजच मिळत नाही. ही मते परस्परविरोधी दिसतात. वस्तुतः ती एकाच व्यवस्थेविषयीची मते आहेत आणि तिन्ही खरी आहेत.

पहिल्या मताचा विचार या तालुक्याइतका चांगला दुसरीकडे कुठे करता येणार नाही. नारायणगावजवळच्या आर्वीला २६ फेब्रुवारी १९७२ रोजी 'विक्रम' भू-केंद्राचे उद्घाटन झाले. व्यापारी स्वरूपाचे देशातील ते पहिले उपग्रह भू-केंद्र. सुमारे तीस मीटर व्यासाची त्याची तबकडी हिंदी महासागरावरच्या उपग्रहाशी बोलत असे आणि भारताचे परदेशांशी होणारे दूरध्वनी संभाषण तिच्यातून जात असे. त्याच काळात जुन्नरहून पुण्याला बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून तास न् तास ताटकळावे लागे. परदेशीचे बोलणे ज्यांच्या डोक्यावरून जात होते त्यांच्या घरात मात्र फोन नव्हता. सरकारी मक्तेदारीत फोन ही चैनीची वस्तू मानली गेली, तिचे रेशनिंग झाले आणि ज्याची ओळख त्याचा नंबर आधी लागला. लोक हे विसरलेले नाहीत आणि त्यांनी विसरावे असे आपणही म्हणता कामा नये.

पण हे चित्र बदलायला सुरुवात झाली ती बाजाराने नव्हे. १९८४ साली स्थापन झालेल्या 'सी-डॉट' या सरकारी संस्थेने ग्रामीण भागातील धुळीत आणि उन्हाळ्यात, वातानुकूलित खोलीशिवाय चालणारे छोटे टेलिफोन एक्स्चेंज तयार केले. पिवळ्या रंगाचे एसटीडी बूथ गावोगावी दिसू लागले ते त्यानंतर. खाजगी मोबाइल कंपन्या आल्या १९९५ मध्ये आणि सुरुवातीला त्यांचे दर असे होते की डॉक्टर आणि बिल्डर सोडून कोणी त्या वाटेला जात नसे. २००२ साली सरकारने विदेश संचार निगमाचे नियंत्रण टाटा समूहाकडे सोपवले. फोन पुढे स्वस्त झाला हे खरे, स्पर्धेचा त्यात वाटा आहे हेही खरे. मात्र ज्या पायावर ती स्पर्धा उभी राहिली तो सार्वजनिक पैशाचा होता.

आता थोडे अर्थशास्त्र सांगतो. जुनी सवय आहे, तेवढे सोसा. मनोरा उभारण्याचा खर्च एकदाच होतो, मग त्याखाली दहा हजार ग्राहक असोत की दीडशे. नारायणगाव-मंचरच्या पट्ट्यात तो खर्च चटकन वसूल होतो; आहुपे, पाटण, भीमाशंकरच्या खोऱ्यात कधीच होत नाही. जुन्या व्यवस्थेत लांब पल्ल्याच्या कॉलचे दर चढे ठेवून त्यातून स्थानिक आणि ग्रामीण सेवेचा तोटा भरून काढत. श्रीमंताच्या कॉलने गरिबाचा फोन चालायचा. स्पर्धा आली तशी ही सोय संपली, कारण नवी कंपनी फक्त मलई असलेल्या ठिकाणीच गेली. त्या बदल्यात २००२ पासून कंपन्यांच्या महसुलाच्या ५ टक्के रक्कम ग्रामीण सेवेसाठी घेतली जाऊ लागली. २०२३ च्या कायद्याने त्या निधीचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. ही रक्कम कंपनी आपल्या खिशातून देत नाही; तुमच्याआमच्या रिचार्जमधून ती जाते. तिच्यातला मोठा भाग वर्षानुवर्षे खर्चच झाला नाही.

आणि स्पर्धा तरी किती उरली? जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने आपले दर सुमारे ११ ते २५ टक्क्यांनी वाढवले. विक्रेते मोजके असले की एकमेकांना चिठ्ठी न पाठवताही भाव एकत्र चढतात. कांद्याच्या लिलावात बसलेल्या शेतकऱ्याला हे पाठ्यपुस्तकातून शिकावे लागत नाही. त्या वेळी भारत संचार निगमाने दर वाढवले नाहीत. पण खाजगी कंपन्यांचे चौथ्या पिढीचे जाळे देशभर पसरून कितीतरी वर्षे झाल्यावर, सप्टेंबर २०२५ मध्ये, निगमाच्या देशी बनावटीच्या तशा जाळ्याचे उद्घाटन झाले. त्याचा गाभा त्याच 'सी-डॉट'चा आहे. हातपाय बांधून शर्यतीत उतरवायचे आणि मग हा लंगडा म्हणायचे, असा हा न्याय.

रिचार्ज म्हणजे चैन म्हणणाऱ्या मित्राला मी उसाच्या फडाकडे नेऊ इच्छितो. जुन्नर-आंबेगावचा बिबट्या आता डोंगरात नाही, उसात राहतो. ज्या फीडरवर शेतीपंपाला अजून रात्रीची पाळी आहे तिथे शेतकऱ्याला काळोखात मोटर चालू करायला जावे लागते. म्हणून अनेकांनी मोबाइल स्टार्टर बसवले. घरातून फोन लावला की विहिरीवरची मोटर सुरू होते. (फ्यूज उडाला तर मात्र यातूनही सुटका नाही, कंदील घेऊन निघावेच लागते.) या स्टार्टरमध्ये एक सिमकार्ड असते. त्यावर कोणी गाणी ऐकत नाही की चित्रफिती पाहत नाही, पण त्याचीही मुदत संपते आणि त्यालाही रिचार्ज लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फक्त बोलणे आणि एसएमएस यांसाठी वेगळी योजना देणे कंपन्यांवर बंधनकारक केले, ते अशाच गरजेपोटी. ही योजना कितीला मिळते, दुकानदार ती सांगतो की नाही, हे आपल्या किती शाखांनी विचारले आहे? जिथे रेंज नाही तिथे तर स्टार्टर असून नसल्यासारखा. तिथला माणूस बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत बांधावरून जातो.

डोंगरातल्या मताविषयी बोलताना माळीणचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील हे आदिवासी गाव दरडीखाली गेले आणि दीडशेच्या सुमारास माणसे गेली. ही बातमी बाहेर आली ती नेहमीच्या फेरीवर निघालेल्या एस. टी. चालकाला गाव जागेवर दिसले नाही म्हणून. आर्वीची तबकडी उभी राहून तेव्हा बेचाळीस वर्षे झाली होती. ज्या फेऱ्यांना तोट्याच्या म्हणून हिणवले जाते त्यांपैकीच ती एक. नफ्यातोट्याचा हिशोब कडक असता तर त्या सकाळी तिथे एस. टी. गेली असती का, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो.

तुमच्या तालुक्यातच खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. जगातला कोणताही शास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मागू शकतो आणि त्याच्या प्रस्तावाची गुणवत्ता पाहून तो दिला जातो. किती पैसे देतोस असे त्याला विचारत नाहीत. मोबाइलच्या लहरींचा मात्र लिलाव होतो. २०१० मध्ये तिसऱ्या पिढीच्या लहरींपोटी सरकारला सदुसष्ट हजार कोटींहून अधिक रुपये मिळाले. त्याआधी १९९५ सालीच, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला होता, न्या. पी. बी. सावंत त्या खंडपीठात होते. मालमत्ता जर लोकांची असेल तर ती वापरायला देताना शेवटच्या वाडीपर्यंत सेवेची अट घालण्याचा आणि ती मोडल्यास जाब विचारण्याचा अधिकारही लोकांचाच आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीपूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या हद्दीतील वाड्यांची यादी करावी. कुठे रेंज नाही, कुठे फक्त एका कंपनीची आहे, रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटायला किती फेऱ्या पडतात, रात्रीची वीज कोणत्या फीडरवर आहे, याची नोंद तीत असावी. ती ग्रामसभेच्या ठरावासह तहसीलदारांकडे आणि दूरसंचार विभागाकडे निधीच्या मागणीसाठी जावी. ही माहिती गोळा करताना पुरुषांशी बोलून परत फिरू नका. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो पुरुषाच्या खिशात बाहेर गेलेला असतो. दुपारी घरात पोर आजारी पडले तर १०८ ला फोन कुठून लावायचा, हे बाईलाच विचारावे लागेल.