उन्हाळ्यांतील सिंहगडाचा फेरा



सुट्टी लागली कीं पुण्याच्या घरांघरांतून महाबळेश्वर-माथेरानच्या गोष्टी निघूं लागतात. परंतु ज्या कुटुंबाला आठ दिवसांचा खर्च पेलत नाहीं, त्याच्यासाठीं सुमारें ४,३०० फूट उंचीचा एक वारेदार माथा शहराच्या नैर्ऋत्येस उभाच आहे. इंग्रजी अमदानींत पुण्याचे साहेब लोक उन्हाळ्यांत सिंहगडावर बंगले करून राहत. लोकमान्य टिळकही विश्रांतीसाठीं तेथें जात, आणि त्यांचा बंगला आजही गडावर आहे.

निवृत्त झाल्यापासून मी दर वैशाखांत गडाला एक फेरा घालतों. फेरा हा शब्द मुद्दाम योजिला आहे. पुष्कळ मंडळी आतकरवाडीच्या वाटेनें पुणें दरवाजा गांठतात, पिठलें-भाकरी आणि मडक्यांतलें दहीं खातात व उतरतात. (मोटारीनें वर येणाऱ्यांविषयीं मी कांहींच बोलत नाहीं.) गड समजतो तो देवटाक्याचें गार पाणी पाहून कल्याण दरवाजाकडे वळलें, झुंजार बुरुजावरून राजगड व तोरणा न्याहाळले, तटाच्या कडेनें तानाजीच्या कड्यापर्यंत गेलें, आणि राजाराममहाराजांच्या समाधीवरून पुन्हां पुणें दरवाजाशीं आलें म्हणजे. १६७० च्या फेब्रुवारींत मावळे ज्या कड्यानें रात्रीं चढले, तो वरून पाहतांना वर्गांत मीं तीस वर्षें किती सहजपणें हा प्रसंग सांगितला याची लाज वाटते.

आतां माझी चूक सांगतों. गेल्या वैशाखांत चौदा वर्षांचा नातू बरोबर होता. न्याहारीच्या घोळांत पायथा सोडावयास साडेनऊ वाजले. बुरुजापलीकडे तटावर सावली जवळजवळ नाहीं, आणि दोघांत मिळून असलेली पाण्याची एकच बाटली तेथें संपली. मुलाचें बोलणें कमी झालें. डोकें दुखतें, मळमळतें, म्हणूं लागला. "थोडेंच राहिलें, चल," असें मीं तीनदां म्हटलें. मास्तरकीची जन्माची खोड! टोपली घेऊन बसलेल्या एका ताकवालीनेंच मला थांबविलें. "बाबा, पोरगं पांढरंफटक पडलंय, अन् तुम्ही चालवताय व्हय?"

तिनें त्याला आपल्या छपराखालीं आडवें केलें, पाय उंच ठेवले, मानेवर ओलें फडकें घातलें आणि मीठ घातलेलें ताक घोट घोट पाजलें. तासाभरानें तो हंसला. त्याला घाम येत होता व शुद्ध पुरती होती, एवढेंच आमचें दैव. अंग तापून मूल बरळूं लागलें किंवा गुंगूं लागलें, तर तो खरा उष्माघात समजावा. अशा वेळीं तोंडांत कांहीं घालीत बसूं नये. अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें.

तेव्हांपासून झुंजुमुंजू होतांच पायथा सोडावयाचा, दर माणशीं निदान दोन लिटर पाणी घ्यावयाचें आणि टोपी विसरावयाची नाहीं, असें ठरविलें आहे. सूनबाईला ही हकीकत मीं चार दिवसांनीं सांगितली. तिनें रागावण्याचें काम अगदीं थोडक्यांत उरकलें, पण तें अजून आठवतें.

यंदाच्या फेऱ्यांत घड्याळ नातवाच्या हातीं राहील. नऊ वाजतां आम्ही कल्याण दरवाजाशीं असलों, तर पुढें जावयाचें कीं मागें फिरावयाचें तें तो ठरवील, आणि मीं वाद घालावयाचा नाहीं, असा करार झाला आहे.