विनामूल्य, पण कोणाला?

ब्रिटनमध्ये २०१४ पासून ‘बीइंग ह्युमन’ हा मानव्यविद्यांचा महोत्सव भरतो. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान या विषयांवरचे कार्यक्रम, बहुतेक विनामूल्य. २०२० मध्ये कोरोनामुळे त्यातले बरेच ऑनलाइन झाले. म्हणजे आपल्या वस्तीतूनही ऐकता येतील! पण फोन कोणाचा? संध्याकाळ कोणाची? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. त्यात भाषा इंग्रजी, आणि व्याख्यानाची वेळ नेमकी स्वयंपाकाची. म्हणून आम्ही दुपारी समाजमंदिरात जमून एकाच फोनवर अशी व्याख्यानं ऐकतो. मध्ये थांबवून मराठीत बोलतो. तिकीट माफ झालं म्हणून ज्ञान आपल्यापर्यंत पोचत नाही. बाईचा तासभर मोकळा करणं, हेही संघटनेचंच काम आहे.